तोंड काळं करायचं दुकान

आमच्याकडे ‘तोंड काळं कर’ म्हणजे चालता हो. आणि मी तेच काम डबीत भरून विकायला निघाले होते. सासऱ्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला. “तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं मी. आता माझ्या घरातून लोकांची तोंडं काळी होणार?”

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा नाही म्हणाले की घरात विषय संपतो. पण मला माघार घेता येत नव्हती. आमच्या बचत गटात आम्ही दहाजणी, आणि आठ वर्षं आम्ही नुसते पापड लाटले. मला पापडाचा इतका वीट आलाय की लग्नात ताटात पडला तरी शेजारणीला देते. कोळशाचा फेसपॅक ही माझी कल्पना. पारनेरच्या प्रदर्शनात तो खपला नाही तर पुन्हा लाटणं हातात, असं सगळ्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं.

पहिल्या खेपेला मी चुलीतला बाभळीचा कोळसा पाट्यावर वाटला, मुलतानी मातीत कालवला आणि जावेच्या गालांना फासला. धुतल्यावर गाल लालभडक, कानामागे काजळी तशीच.

“फेसपॅक हाय का कानस?” जाऊ म्हणाली.

चुकीचा प्रयोग मास्तरला बघवत नाही. मामांनी दोन ग्लास पाण्यात लाल शाईचे थेंब टाकले. एकात माझा कोळसा, दुसऱ्यात पाण्याच्या फिल्टरमधला. दुपारी दोन्ही फडक्यातून गाळले. फिल्टरच्या कोळशाचं पाणी जवळजवळ नितळ, माझं होतं तसंच लाल.

“हाही कोळसाच, पण कडक वाफेत पुन्हा तापवलेला,” मामा म्हणाले. “त्याला डोळ्यांना न दिसणारी अगणित भोकं पडतात. चमचाभर पूड उलगडली तर आपलं खळं झाकेल. तेल, मळ त्याला जाऊन चिकटतो. शोषत नाही हं, धरून ठेवतो. मग धुतलं की दोघं बरोबर जातात.”

मग मी करवंटीच्या कोळशाची तशी तयार पूड मागवली, मैद्यासारखी मऊ. लेबलवर ‘गोरा रंग, मुरमं गायब’ असं झोकात लिहिलं. मामांनी लाल पेनाने दोन्ही खोडलं. “कातडीवरचं तेल उचलतो, एवढंच लिही. रंग बदलत नाही.” मला असा राग आला! अशाने कोण घेणार? पण लिहिलं. एवढं करूनही, प्रदर्शनाला मी येणार नाही, असं त्यांनी बजावलंच.

प्रदर्शनात दुपारपर्यंत एक डबी हलली नाही. बायका यायच्या, बोट बुडवायच्या, काळं बघून पदराला पुसायच्या. एक आजी म्हणाल्या, “आमी जलमभर चुलीपुढं तोंड काळं केलं, आता इकत घेऊ व्हय?” सगळ्या हसल्या. मीही हसले आणि उघडी डबी झाकून ठेवली. मागे गटातल्या दोघी उडदाच्या डाळीचं बोलायला लागल्या होत्या.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. मामा! इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन. त्या मैदानातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलेलं. ते खुर्चीवर बसले, चष्मा काढून माझ्या हातात दिला, कॉलरमध्ये रुमाल खोचला. आणि एरवी मला अगं-तुगं करणारे मामा, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, “सूनबाई, करा माझं तोंड काळं.”

एका हातात चष्मा धरून मी लेप लावायला गेले आणि पहिला फराटा त्यांच्या पांढऱ्या मिशीवर उमटला. आजी सगळ्यांना सारून पुढे आल्या. “धुतल्यावर मास्तर कसं दिसत्यात ते बघूनच जाते,” म्हणाल्या.

जाताना आजींनी दोन डब्या विकत नेल्या. आमची लाटणी तेव्हापासून माळ्यावर आहेत.