तिथीची पाऊणपट

गुहागरहून जपानात त्सुकुबाला आलेले माझे सासरे तिसऱ्याच आठवड्यात कंटाळले. रोज सकाळी चहाबरोबर एकच पालुपद, "अगो, माझं तिकीट अलीकडचं करून आण." नवरा अंधार पडल्यावर प्रयोगशाळेतून यायचा. दिवसभर घरात मराठी बोलायला मामंजीच. ते गेले असते तर मला भिंतींशी बोलावं लागलं असतं. म्हणून मी समुद्राचं आमिष दाखवलं आणि नव्वदच्या दशकातल्या त्या वसंतात आम्ही तिघं पार दक्षिणेला, इरिओमोटे बेटावर गेलो.

बोटीतून उतरताच मामंजी खुलले. नदीच्या मुखाशी चिखलात तिवरं, मागे पाण्यातून थेट उठलेले हिरवे डोंगर, पुढे प्रवाळाचं उथळ पठार आणि लांब त्याच्या काठावर फुटणाऱ्या लाटा. "आमचं गुहागरच हे," ते म्हणाले, "फक्त माणसं गप्प."

मला त्या पठारावर चालायचं होतं.

"आज पौर्णिमा," मामंजींनी बोटांवर हिशेब केला. "तिथीची पाऊणपट. पंधराची सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, साडेपाचला ओहोटी. तोवर कोणी पाण्यात पाय घालायचा नाही." गुहागरात हा हिशेब कधी चुकला नव्हता. जेवून ते घोरू लागले.

एक वाजता खिडकीतून पाहिलं तर समुद्र गायब! गावातल्या बायका टोपल्या घेऊन कोरड्या पठारावर शेवाळ वेचत होत्या.

नवरा कुजबुजला, "गुपचूप जाऊन येऊ. बाबांना कशाला सांगायचं?"

मोह मलाही झाला. पण मग साडेपाचला लेंगा दुमडून ते भरल्या समुद्रापुढे उभे राहिले असते आणि परतल्यावर पुन्हा तिकीट. मी त्यांना हलवलं. "मामंजी, इथल्या समुद्राला तिथी कळत नाही. तुम्हीच येऊन बघा."

ते तणतणत आले, पाहिलं आणि लेंगा दुमडला. मग आमच्या पुढे चालू लागले. खळग्याखळग्यात निळे मासे दिसले की ओरडून मला बोलवायचे. पाणी चढू लागताच आम्ही परतलो. साडेपाचला मात्र त्यांनीच आम्हाला पुन्हा किनाऱ्यावर ओढत नेलं. पाणी केवड्याच्या मुळांना लागलं होतं.

"हिशेब बरोबर आहे," ते म्हणाले. "भरतीच्या जागी ओहोटी म्हणायचं, झालं."

त्सुकुबाला परतल्यावर चहा देताना मी जीव मुठीत धरून पालुपदाची वाट पाहिली. मामंजींनी बशीत चहा ओतला. "तिकीट राहू दे गो. एका पौर्णिमेवर निकाल देता येत नाही. अमावस्येला इथल्या जवळच्या समुद्रावर ने मला."

"आणि तिथेही हिशेब नाही जमला तर?"

मामंजींनी फुरका मारला. "मग पुढची पौर्णिमा."