परत आलेला नारळ

आमच्या आत्याचे नद्यांशी नाते होते. कृष्णा तिची थोरली बहीण आणि बाकीच्या साऱ्या धाकट्या. एसटी कुठल्याही पुलावर चढली की डुलक्या घेणारी आत्या खडबडून जागी व्हायची, खिडकीतून नाणे टाकायची आणि शेजारच्या अनोळखी बाईलाही हात जोडायला लावायची. "भनीच्या दारावरनं तोंड लपवून जायचं न्हाई," म्हणायची. उंब्रजमध्ये तिला सगळे नदीआत्याच म्हणत.

तिचा एकुलता एक वसंता फौजेत होता. रजा संपली की निघायच्या दिवशी तो तिच्यासोबत काठावर येई आणि कृष्णेत नारळ सोडी. नारळ दिसेनासा झाला म्हणजे थोरलीने पोराला पदरात घेतले. एखादा लव्हाळ्यात अडकला, तर आत्या लुगडे खोचून पाण्यात उतरे, काठीने ढकले आणि वर नदीलाच दम देई, "घे की बया, किती आढंवेढं!" आम्हाला हसू आवरत नसे.

एकाहत्तरच्या दिवाळीत वसंताची रजा रद्द झाली. घरी न येताच तो सीमेकडे गेला. त्याच्यासाठी आणलेला नारळ देवळीत तसाच राहिला आणि आत्याचे जेवणावरून मन उडाले. तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, थोरल्या बहिणीला दोन दिवस पणजी दाखवायचे ठरवले. मीही निघाले. आत्याने पिशवीत नारळ घेतला.

पणजी मला फार आवडली. लाल कौलांची घरे, पांढऱ्या चर्चच्या उंच पायऱ्या, सगळे पायी फिरण्याजोगे, आणि कुठूनही निघा, शेवटी मांडवीच समोर. आत्याला मात्र ती नदी रुचेना. "धुनं धुवाय एक बाई न्हाई. कसली गं ही नदी?" पण पाणी मोठे होते, पुढे समुद्र होता. सकाळी तिने धक्क्याच्या पायरीवरून नारळ सोडला. तो झरझर समुद्राकडे गेला. त्या दुपारी आत्या पोटभर जेवली.

संध्याकाळी आम्ही त्याच पायरीवर बसलो होतो. पाणी उलटे, डोंगराकडे चालले होते. आणि त्यावर हेलकावत, हळदीकुंकवाचा डाग अंगावर घेऊन, आमचा नारळ आला आणि पायरीला टेकला.

आबा म्हणाले, "आक्का, भरतीचं पाणी हाय हे. आन् चांगलंच की, नारळ परत आला म्हंजी पोरगंबी येतंय."

"दिल्यालं माघारी आलंय, आबा. तिनं घेतला न्हाई."

ओला नारळ तिने पदराने पुसून पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशीचे देवदर्शन राहिले. परतीच्या वाटेवर तिने एकाही पुलावर नाणे टाकले नाही; डोळे टक्क उघडे ठेवून ती नुसती बसून होती. मला पहिल्यांदा तिची भीती वाटली.

डिसेंबरात तार आली. वसंता लढाईत गेला होता, तिकडेच त्याला अग्नी दिला.

तेरावा झाल्यावर आत्याने तोच नारळ कृष्णेवर नेला. सोबत मी होते. या वेळी तो कुठेच अडकला नाही, सरळ धारेला लागून वळणाआड गेला. आत्या गुडघाभर पाण्यात उभी होती. ऊन कलले तरी हलेना.

"आत्या, कधीच दिसेनासा झाला गं. चल ना घरी."

तिने वळणावरची नजर काढली नाही.

"थांब गं वाईच. पणजीला आला हुता की परत."