राजशेखरच्या नावावरची गाडी

पावणं, आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत पार्किंगचा नियम असा. विषम तारखेला गाड्या डाव्या बाजूला, सम तारखेला उजव्या. चुकलं की क्रेन येती आणि गाडी उचलून न्हेती. रोज सकाळी अख्खी गल्ली शिव्या घालत गाड्या हलवती. मी तर हमखास घालतो.

शिवी न घालणारी एकटी बसव्वा आक्का. तिला गाडी चालवायला येत न्हाय. मोटरसायकल तिच्या पोराची, राजशेखरची. लग्नाच्या वयाचा पोरगा साध्या काविळीनं गेला. तवापासनं आक्का उजाडायच्या आत उठायची आणि ते धूड ढकलत पलीकडं न्यायची. अमावस्येला धुऊन नारळ फोडायची. मी म्हणायचो, "आक्का, इकून टाक की." ती म्हणायची, "तुझ्या दारात लावलीया व्हय रं, गुंड्या?"

घात केला एकतीस तारखेनं. एकतीस विषम, दुसऱ्या दिवशीची एकबी विषम. एक तारखेला गाडी हलवायचीच नसती, गल्लीतल्या शेंबड्या पोरालाबी ठाऊक हाय. पण आदल्या दिवशी पोराचं वर्ष झालतं. रडून रडून तिचं डोकं थाऱ्यावर नव्हतं. सवयीनं गाडी ढकलली आणि महादेवाला गेली. मी आंघोळीला गेलतो तवर क्रेन येऊन गेली.

मी माझ्या मोटरसायकलवरनं ट्रॅफिकच्या हापिसात गेलो, निरोप मिळाल्यावर आक्का महादेवावरनं परस्पर चालत आली. हवालदार बरा माणूस होता.

"गाडी कुणाच्या नावावर?"

"राजशेखरच्या."

"मग त्याला घेऊन या की, आक्का."

आक्का म्हणाली, "मेला की वो त्यो."

ह्यो शबुद तिच्या तोंडनं मी कधी ऐकला नव्हता.

हवालदारानं पाणी दिलं. "मृत्यूचा दाखला आणा. गाडी तुमच्या नावावर करून घ्या, मग सोडतो."

"म्हंजे त्याचं नाव काढायचं?"

"व्हय."

"रेशनकार्डावरनं काढलं, बँकेतनं काढलं, गॅसवरनंबी काढलं. हिच्यावर तेवढं ऱ्हायलंय," आक्का म्हणाली. "न्हाय काढायचं. ठेवा गाडी हितंच."

मी समजावलं, रागावलोबी. ऐकती व्हय.

भाईर आल्यावर म्हणालो, "बस माझ्या मागं."

"त्याच्याबिगर कुणाच्या मागं बसले न्हाय रं कवा," म्हणाली, आणि उन्हातनं चालाय लागली.