काळ्या गाडीवरचे पांढरे ठिपके

दिग्रसला आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की एका उन्हाळ्यात कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो. हे ठाऊक असूनही मी काळी गाडी घेतली. दर रविवारी दुपारी बोअरच्या पाण्याने ती धुवायची आणि गहू वाळत घालावा तशी उन्हात ठेवायची, असा माझा क्रम होता. महिन्याभरात बॉनेटभर पांढरे ठिपके उमटले. कंपनीने रंगच हलक्या प्रतीचा दिला म्हणून मी घरात आदळआपट केली.

बायकोने ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "हे तं कूलरच्या जाळीवरचंच हाय. रंगाले कायले बोलून राह्यले?"

जाळीसाठी आणलेलं व्हिनेगर तिने काढलं. गाडी सावलीत थंड होऊ दिली. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून मऊ फडकं भिजवलं, ठिपक्यांवर मिनिटभर ठेवलं, अलगद पुसलं आणि लगेच फिल्टरच्या पाण्याने धुतलं. ठिपके गेले.

"आता सकाळी सावलीत धुवा, अन् पाणी वाळायच्या आधी पुसा," ती म्हणाली.

तेव्हापासून मी गाडीवरचा थेंब न् थेंब टिपतो. मागच्या रविवारी जेवायला बसलो आणि सवयीने कुरकुरलो, स्टीलच्या ग्लासांवर पुन्हा डाग आहेत, वीस वर्षं हेच सांगतोय. गाडीसाठी आणलेल्यातलं एक कोरं फडकं तिने माझ्यासमोर ठेवलं आणि ग्लासांची टोपली पुढे सरकवली.

ग्लास गाडीपेक्षा जास्त चकाकले. हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.