मिरच्यांचा धूर
फोडणीत लाल मिरची करपली की अजून माझं डोकं सणकतं. दहावीत असताना शाळेची वेळ झाली की माझे हातपाय थरथरायचे, घास उतरायचा नाही. शाळेतल्या बाईंनी मानसोपचाराच्या डॉक्टरकडे न्यायला सांगितलं, तर आत्या बाबांवर खेकसली, "पोरीले पागलखान्यात नेऊन राहिला का गा? दृष्ट लागली असन." माझ्यावरून मिरच्या ओवाळून तिने अंगणातल्या चुलीत टाकल्या. धुराने ठसका लागला तर दृष्ट नाही, असा तिचा हिशेब. सगळं घर खोकलं. "दृष्ट नाही, मंग नाटकं हायेत," आत्या म्हणाली, आणि बाबांनी मला तशीच ओढत शाळेत सोडलं. आता माझ्या मुलीलाही शाळेच्या वेळी तसंच होतं. परवा तिला घेऊन तसल्याच डॉक्टरांकडे निघाले, तर आत्या मुठीत मिरच्या घेऊन दारात उभी. म्हटलं, "आत्या, त्या भाजीत टाक अन् बाजूले सरक."