दोन नद्या, एक परात

दगडवाल्याशी लग्न केलं की घरात दोन गोष्टी साठत जातात, दगड आणि किस्से. दगड ऑफिसनं नेले. किस्से माझ्याकडे राहिले.

सत्तर सालाच्या आसपास आम्ही कलकत्त्यात भवानीपूरला राहायचो. हे भूशास्त्रज्ञ. हिवाळाभर तंबूत, उन्हाळ्यात घरी.

*

एकदा हे हावड्याला ट्रंक घेऊन उतरले. कुलीनं ती डोक्यावर घेतली आणि वाकलाच.

"बाबू, पत्थर भरे हैं क्या?"

"हां," हे म्हणाले. खरं तेच!

कुलीला वाटलं, थट्टा करतायत. ट्रंक तिथंच ठेवून निघून गेला.

*

शेजारच्या मासीमांना यांनी एक ओरखडे उठलेला गोटा दाखवला. "कोट्यवधी वर्षांपूर्वी इकडे बर्फाच्या नद्या होत्या. त्या बर्फानं घासलाय हा."

मे महिना, वीज गेलेली. मासीमा पदरानं वारा घेत म्हणाल्या, "ओ मा! तेव्हाच बदली घ्यायची होती इथं!"

*

यांचं म्हणणं होतं, दूरदूरच्या दोन नद्यांकाठी सापडलेला, बर्फानं आणून टाकलेल्या गोट्यांचा थर एकाच काळचा आहे. प्रत्येक काठाचे थर कागदाच्या लांब पट्टीवर काढून हे भिंतीला टांगायचे आणि सारखे थर माझ्या शिवणाच्या दोऱ्यानं जोडायचे.

लग्नं जमवणाऱ्या गोखलेकाकू आल्या. "पत्रिका का? जुळतेय?"

"माझी जुळते हो," हे म्हणाले. "सेनसाहेबांची जुळत नाही!"

सेनसाहेब यांचे बॉस. "दुसऱ्या नदीचे गोटे फार नंतरचे, नुसत्या नजरेनं वेगळे करीन," म्हणायचे. त्यांना पटलं नाही, तर यांना आणखी एक हिवाळा तंबूत. मागच्या खेपेला परत आले, तेव्हा आमची छोटी यांना 'काका' म्हणाली होती.

*

शेवटी साहेब दगड बघायला घरीच येणार असं ठरलं. मी मनापासून तयारी केली. चकल्या तळल्या. दोन नद्यांच्या दोन पेट्यांतले धुळकट दगड सोड्याच्या पाण्यात घासले, मळक्या चिकटपट्ट्या काढून टाकल्या, पुसून एका परातीत मांडले.

पट्ट्यांवर नंबर होते! कुठला दगड कुठल्या नदीचा, ते तेवढ्यावरूनच कळायचं.

यांचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात साहेब दारात. मीच रडत रडत सगळं सांगितलं.

"रडू नका, बौमा. मी आहे ना!" मला 'बौमा', म्हणजे सूनबाई, म्हणत साहेबांनी बाह्या सरसावल्या. दोन ढीग केले. मोडले. भिंग काढलं. पुन्हा दोन ढीग. चहा निवून गेला. शेवटी एकच ढीग राहिला.

त्यांनी भिंग खिशात घातलं. मग चकली उचलून म्हणाले, "जोशी, रिपोर्ट आणा, सही करतो. आणि बौमा, माझ्या ऑफिसातले दगड धुवायला कधी येता?"