रव्याच्या डब्यावरचं पहिलं बक्षीस

आमच्या घरी रवा ठेवायचा एक स्टीलचा डबा आहे. त्यावर माझं नाव आणि 'वक्तृत्व स्पर्धा, प्रथम क्रमांक, विषय : माझा आदर्श नेता' असं कोरलंय. नववीत मी जर्मनीच्या त्या हुकूमशहावर भाषण ठोकलं होतं. शिस्त, रस्ते, कारखाने, आवेश सगळं होतं. आमच्या घरात मला वक्ता मानणारी वस्तू एवढी एकच.

त्या स्पर्धेत दुसरी आलेली मुलगी माझ्याच वर्गातली. तिचं आडनाव आमच्यासारखंच कोकणातल्या गावावरून पडलेलं. ती ज्यू आहे हे वर्गाला कळायचं ते शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, तिचा बाक रिकामा असायचा म्हणून.

पुढे पुण्यात, धायरीला आम्ही पुन्हा भेटलो ते पालक म्हणून. तिची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वर्गात, नववीतच. तिची मुलगी वर्गात शिरली की काही पोरं हात ताठ वर करून त्या हुकूमशहाचा सलाम ठोकायची. पोरगी म्हणाली, मी शाळा बदलणार. मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गासाठी व्याख्यान ठरवलं आणि वक्ता शोधायचं काम आम्हा दोघांवर सोपवलं.

मी यादी केली. पहिले एक निवृत्त प्राध्यापक.

"ते रोमपासून सुरू करतात," ती म्हणाली. "जर्मनी येईपर्यंत पोरांची दहावी होईल."

"मग तूच बोल ना. तुमच्याच समाजाचा प्रश्न आहे."

"म्हणजे आमचा तिरस्कार करू नका हो, हे आम्हीच सांगायचं? पोरं म्हणतील, ही तर असं म्हणणारच." मग चहा ढवळत म्हणाली, "ज्याला कधीतरी त्यांच्यासारखंच वाटलं होतं, असा माणूस हवा. तुझ्याकडे एक डबा होता ना रे?"

मला वाटलं होतं, ती विसरली असेल.

"त्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्या होत्या," ती म्हणाली. "सगळे वाजवत होते म्हणून. हे सांगितलंस तरी चालेल. नाव मात्र सांगू नकोस."

घरी येऊन डबा मागितला. बायको म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांनी सत्कार करून घेताय का?" रवा तिने पातेल्यात ओतला.

वर्गात मी डबा उंच धरून अक्षरं वाचली. पोरं हसली. मग ते जुनं भाषण म्हणायला लागलो. लाजेची गोष्ट अशी की ते मला अजून पाठ होतं. मागच्या बाकांवरच्या माना डोलायला लागल्या, तेव्हा थांबलो.

"इथवर टाळ्या पडल्या," मी म्हणालो. "त्या माणसाने लाखो ज्यूंना, अगदी लहान मुलांनासुद्धा, मारून टाकलं, हे, ज्या पुस्तकातून मी भाषण उतरवलं, त्याच पुस्तकात पुढच्या पानावर होतं. मी वाचलं होतं. भाषणातून गाळलं, कारण मला बक्षीस हवं होतं. माझ्या वर्गात एक ज्यू मुलगी होती. तिने ते सगळं बसून ऐकलं, आणि सगळे वाजवताहेत म्हणून टाळ्याही वाजवल्या."

 मग माझ्याच मुलीने विचारलं, "बाबा, मग डबा परत का नाही केलात?"

तयारी फक्त भाषणाची होती. "त्यात रवा होता," मी म्हणालो. वर्ग हसला, तिची मुलगीही हसली, जरा उशिराने.

चार दिवसांनी तिचा फोन आला. सलामाची सुरुवात ज्या पोराने केली होती, तो शेजारच्या तुकडीत जाऊन बोलायला तयार झाला होता. त्याला डबा हवा होता.

"तुझी मुलगी काय म्हणते?"

"ती म्हणते, तो काय बोलतो ते ऐकायला मी जाणार आहे. आणि डबा काकांचा आहे. त्याने स्वतःचं काय केलं ते सांगावं."

"आणि शाळा बदलण्याचं?"

"तो विषय काढला तर मलाच ओरडते."

बायकोने डबा घासून पुन्हा रवा भरला. आता फळीवर त्याची अक्षरं पुढे करून ठेवते.